संसाराचे पुरावे

आमचं लग्न ९ फेब्रुवारी २०२० ला सांगलीत झालं. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतलं व्हिसाचं काम ठप्प झालं, आणि नवरा न्यू जर्सीत, मी माहेरी, असे आम्ही एकवीस महिने काढले. १९ नोव्हेंबर २०२१ ला मी नेवार्कच्या विमानतळावर उतरले तेव्हा लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायला ८२ दिवस बाकी होते.

ते ८२ दिवस महत्त्वाचे. अमेरिकन नागरिकाशी लग्न करून तुम्ही कायमच्या रहिवासी होता, त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर हातात पडतं ते दोनच वर्षांचं, अटीवरचं ग्रीन कार्ड. केवळ कागदोपत्री केलेली लग्नं रोखण्यासाठी १९८६ साली हा कायदा झाला. कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा, लग्न खरं आहे आणि संसार खरोखर एकत्र चालला आहे हे दाखवायचं, मग अट निघते आणि दहा वर्षांचं कार्ड येतं. अर्ज केलाच नाही तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी रहिवासाचा हक्कच संपतो.

आणखी ८२ दिवस सांगलीत थांबले असते तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुमच्या लग्नाला दोन वर्षं व्हायला आठ-दहा दिवसच उरले असतील आणि व्हिसाची मुदत त्यापुढे असेल, तर तिकीट जरूर पुढे ढकला. मी ढकललं नाही. एकवीस महिन्यांनंतर माझ्याच्याने एक आठवडाही थांबवलं नसतं.

कार्डावरची तारीख होती १९ नोव्हेंबर २०२३. तिथून ९० दिवस मागे मोजले की २१ ऑगस्ट येतो. हे दिवस कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा, 'तीन महिने आधी' असं ढोबळ धरू नका. एक दिवस जरी लवकर पाठवलं तरी पाकीट परत येतं. आम्ही हाताशी आठवडाभर जास्तीचा ठेवला आणि २८ ऑगस्टला, सोमवारी, पाठवायचं ठरवलं.

दोन वकिलांकडे चौकशी केली. एकाने पंधराशे डॉलर सांगितले, दुसऱ्याने त्याहून थोडे जास्त. आमच्या प्रकरणात घटस्फोट, पोलीस केस, आधीचं लग्न असलं काही नव्हतं, म्हणून अर्ज स्वतःच भरला. यातलं काहीही असेल तर मात्र पैशाकडे बघू नका, वकील करा.

अर्ज भरताना पहिला अडथळा आला तो नावाचा. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना येईल. माझ्या पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे. ग्रीन कार्डावरही तेच. पण लग्नानंतर सांगलीतल्या बँकेत, आधार कार्डावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लागलं. इथे आल्यावर नवऱ्याने त्याच्या आयुर्विम्यात वारस म्हणून मला घातलं तेही सासरच्या नावाने. ज्या अधिकाऱ्याला मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं ही भानगडच ठाऊक नाही, त्याला या दोन वेगळ्या बायका वाटू शकतात. अर्जात 'वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो. तिथे सासरचं पूर्ण नाव लिहिलं, आणि सोबत अर्ध्या पानाचं पत्र जोडलं की महाराष्ट्रात मुलीच्या नावापुढे आधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं नाव लागतं, दोन्ही नावं माझीच आहेत, पुरावा म्हणून विवाह नोंदणीची प्रत जोडत आहे. हे पत्र लिहायला दहा मिनिटं लागली. तुम्हीही लिहा.

मग पुरावे. इथे मी चुकले.

लग्न खरं आहे हे दाखवायचं म्हणजे लग्न दाखवायचं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. अल्बममधून शंभरावर फोटो काढले. हळद, अंतरपाट, सप्तपदी, सासूबाई माझी ओटी भरताना. लग्नपत्रिकाही जोडायची होती, पण मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे' असं सही करून द्यावं लागतं. पत्रिका समोर घेऊन मी आणि शेजारच्या काकू एक अख्खी संध्याकाळ बसलो होतो. 'आमच्या येथे श्री कृपेकरून' कसंबसं झालं. 'चि. सौ. कां.' ही तीन अक्षरं इंग्रजीत आणताना काकूंचे डोळे भरून आले. त्यांची मुलगी लांब टेक्ससला, तिचं लग्न त्यांना आठवलं. शेवटी पत्रिका जोडली नाही, पण ती संध्याकाळ माझ्या लक्षात आहे.

पाकिटात १४० पानं गेली. त्यातली साठेक पानं लग्नाच्या फोटोंची. आणि ज्याला खरी किंमत असते ते कागद अगदीच थोडे. घराचा भाडेकरार एकट्या नवऱ्याच्या नावावर होता, कारण तो मी येण्याआधीच झालेला. माझं नाव घालायला अपार्टमेंटचं ऑफिस वेगळी फी आणि क्रेडिटची, म्हणजे कर्ज-बिलं वेळेवर फेडल्याच्या नोंदीची, तपासणी मागत होतं, माझं क्रेडिट शून्य, म्हणून 'राहू दे, पुढच्या वेळी' असं आम्ही दोनदा म्हणालो. संयुक्त खातं उघडलं ते जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे मी आल्यावर चौदा महिन्यांनी. विजेचं बिल त्याच्या नावावर, इंटरनेटही त्याच्या. आम्ही एकत्र जेवत होतो, एकत्र आजारी पडत होतो, एका गादीवर झोपत होतो, आणि कागदावर मात्र मी त्या घरात राहतच नव्हते. नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला माझं हे एकच कळकळीचं सांगणं आहे: आल्यावर पहिल्या महिन्यात भाडेकरारात नाव घाला, संयुक्त खातं उघडा आणि एखादं बिल स्वतःच्या नावावर करा. फी पडली तर पडू दे.

दोन ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं जोडली. एक काकूंचं, एक नवऱ्याच्या सहकाऱ्याचं. त्यात लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, तुमच्याशी नातं आणि तो तुम्हाला जोडपं म्हणून कसा ओळखतो हे यावं लागतं. 'चांगलं जोडपं आहे' एवढ्याने भागत नाही. काकूंनी लिहिलं की जानेवारीत मला ताप होता तेव्हा त्या मुगाची खिचडी घेऊन आल्या आणि नवरा कपाळावर पट्ट्या ठेवत बसला होता. असं लिहायला सांगा. पण नुसत्या प्रतिज्ञापत्रांवर विसंबू नका, मुख्य भार कागदांनीच उचलावा लागतो.

आमच्या वेळी फी होती ६८० डॉलर: अर्जाचे ५९५ आणि बोटांच्या ठशांचे ८५. १ एप्रिल २०२४ पासून ती ७५० झाली. आम्ही चेक दिला होता, आता कागदी चेक चालत नाही, कार्डाचा किंवा बँक खात्याचा वेगळा फॉर्म भरून जोडावा लागतो. म्हणून पाठवायच्या दिवशी यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज बघणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर फी, पत्ता आणि फॉर्मच्या तळाशी छापलेली आवृत्तीची तारीख पुन्हा एकदा बघा. अमेरिकेतून अर्ज करत असाल तर पासपोर्टचे फोटो लागत नाहीत, मी उगाच काढून आणले. मूळ कागद पाठवू नका, प्रती पाठवा. कार्डाची प्रत दोन्ही बाजूंची. आणि सह्या दोघांच्या, शाईने. पाकीट चिकटवण्याआधी नवऱ्याने सगळी पानं पुन्हा उलटली तेव्हा त्याचीच सही राहिलेली सापडली. तसंच गेलं असतं तर तसंच परत आलं असतं. झेरॉक्स, पोस्ट आणि नोटरी मिळून आणखी ७० डॉलर झाले.

५ सप्टेंबरला मोबाइलवर संदेश आला की अर्ज मिळाला. त्यासाठी पाकिटात सगळ्यात वर जी-११४५ नावाचं एक पानी, बिनपैशाचं पत्रक लावायचं असतं. १४ तारखेला पोस्टाने पावती आली. ही पावती म्हणजे साधा कागद, पण पुढचे वीस महिने माझं सगळं त्याच्यावर चाललं. त्यात लिहिलं होतं की कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवली आहे. अर्ज निकाली काढायला इतका वेळ लागतो की जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी ही मुदत २४ वरून ४८ महिने केली. जुनं कार्ड आणि हा मूळ कागद, दोन्ही मिळून तुमचं वैध ग्रीन कार्ड. मी नवी नोकरी धरली तेव्हाही याच दोन गोष्टी दाखवल्या.

११ ऑक्टोबरला ठसे द्यायला गेले. वीस मिनिटांत बाहेर. मग शांतता.

या शांततेबद्दल लिहायला हवं. रोज सकाळी चहा ठेवला की मी केसची स्थिती बघायची. रोज तेच वाक्य. सासूबाई पुण्याहून फोन करायच्या तेव्हा पहिला प्रश्न तोच, म्हणून मी त्यांना सांगितलं की आई, काही झालं की मीच सांगेन, तुम्ही विचारू नका. त्यांनी त्यानंतर खरंच कधी विचारलं नाही.

आणि एक गोष्ट मी नवऱ्यालाही फार उशिरा सांगितली. त्या काळात आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, घर बदलण्यावरून, साधंच. रात्री मला झोप लागेना. भांडणामुळे नव्हे. माझ्या मनात आलं की माझ्या इथे राहण्याच्या कागदावर याची सही आहे. त्याने कधी तसा शब्दही काढला नाही, काढणारा माणूसच नाही तो. पण तो विचार आला, आणि ज्यांचा नवरा तसा शब्द रोज काढतो त्या बायकांचं काय होत असेल, हे मला त्या रात्री कळलं. म्हणून स्पष्ट लिहिते. नवऱ्याची सही नसली तरी हा अर्ज करता येतो. लग्न खरं होतं पण घटस्फोट झाला, नवरा वारला, किंवा घरात मारहाण, छळ झाला, तर एकटीने सवलत मागून अर्ज करण्याची तरतूद याच फॉर्ममध्ये आहे, आणि त्याला ९० दिवसांचं बंधनही नाही. 'मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल' असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. अशा ठिकाणी फोन करायला लाजू नका.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही घर बदललं. या वेळी भाडेकरारावर दोघांची नावं. घर बदललं की १० दिवसांत यूएससीआयएसला नवा पत्ता कळवावा लागतो, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. टपाल खात्याची 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' ही मोफत सोयही घ्या, त्या दिवशी येणाऱ्या पाकिटांची छायाचित्रं सकाळीच ईमेलवर दिसतात.

मार्च २०२४ मध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मी पाच आठवड्यांसाठी सांगलीला गेले. जाताना काही अडचण आली नाही. परतताना मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"मॅडम, हे एक्स्पायर झालंय."

मी पावतीचा कागद दिला. तिने तो वाचला, शेजारच्या मुलाला दाखवला, मग दोघं तो कागद घेऊन आत गेली. माझा एकमेव मूळ कागद माझ्या नजरेआड गेला होता. माझ्यामागे रांग वाढत होती. बाहेर भाऊ थांबला होता, त्याचे 'झालं का?' असे तीन मेसेज आले, मी उत्तर दिलं नाही. पस्तीस मिनिटांनी एक वयस्कर सुपरवायझर आले, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, बरोबर आहे तुमचं. या मुलांनी असा कागद पाहिला नव्हता." मग बोर्डिंग पास मिळाला. नेवार्कला अधिकाऱ्याने दोन्ही गोष्टी पाहून दोन मिनिटांत सोडलं. तेव्हा सांगते, मूळ पावती प्लास्टिकच्या पाकिटात घालून हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत कधीच नाही. ४८ महिन्यांच्या मुदतवाढीबद्दल यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर जे पान आहे त्याची छापील प्रत जोडीला घ्या, आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा.

२२ जानेवारी २०२५ ला पाकीट आलं. जाड होतं, म्हणून मला वाटलं मंजुरी. आत पुराव्यांची मागणी होती. तुम्ही एकत्र राहता आणि तुमचे आर्थिक व्यवहार एकत्र आहेत हे दाखवणारे कागद पुरेसे नाहीत, ८७ दिवसांत पाठवा. मी जिन्यातच बसले. एक फोटो नाही, एक ओळ नाही, ज्यात मला वाटलं होतं की आमचं लग्न उघडं दिसतं, त्यातलं त्यांना काहीच नको होतं.

रात्री नवरा वही घेऊन बसला. आपण एकमेकांसाठी पैसे कुठे खर्च करतो ते आठवायचं, एवढंच ठरवलं. २०२१, २०२२ आणि २०२३ ची संयुक्त कर विवरणपत्रं आधी लिहिली. त्यांचे उतारे आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, संकेतस्थळावरून फुकट मिळतात, आणि घरच्या प्रतींपेक्षा त्यांचं वजन जास्त. त्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात पत्नी म्हणून माझं नाव. आयुर्विमा आणि निवृत्ती खात्यातली वारसनोंद. गाडीच्या विम्यात दोघं चालक. नवा भाडेकरार. वीज, गॅस. संयुक्त खात्याची विवरणं, सगळी नव्हे, दर तीन महिन्यांतलं एक.

खात्याची पानं चाळताना एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. १८ मार्च २०२४, सांगलीला माझ्या भावाच्या खात्यात पाठवलेले पैसे. आईच्या गुडघ्याचे. मी तिकडे होते तेव्हा त्याने इथून पाठवले होते आणि मला त्याबद्दल कधी बोलला नव्हता. भावानेही सांगितलं नव्हतं. मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. आम्ही तिच्यावर पिवळी खूण केली, इस्पितळाच्या बिलाची प्रत भावाकडून मागवली आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडलं: जावयाने सासूच्या शस्त्रक्रियेसाठी संयुक्त खात्यातून पाठवलेली रक्कम.

फोटो या वेळी चौदाच. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते. लग्नाचा एक, बाकी त्यानंतरच्या वर्षांतले.

अशा मागणीला उत्तर एकाच वेळी, एकाच पाकिटात द्यायचं. आज थोडं, पुढच्या आठवड्यात थोडं असं चालत नाही. पहिलं पाकीट आलं की तेवढ्यावरच निर्णय होऊ शकतो. त्यांनी पाठवलेलं मूळ मागणीपत्र सगळ्यात वर ठेवायचं. ८७ दिवस म्हणजे तुमचं उत्तर तोवर तिथे पोहोचायला हवं, नुसतं पोस्टात पडून उपयोग नाही. आम्ही १८ फेब्रुवारीला पाठवलं, ९६ पानं, वर अनुक्रमणिका, पोच मिळेल अशा टपालाने, ११ डॉलर.

२ मे ला चहा ठेवला, मोबाइल उघडला, आणि वाक्य बदललेलं होतं. नवं कार्ड तयार होत आहे. मुलाखतीला बोलावलंच नाही. चहा उतू गेला. नवरा आंघोळीला गेला होता, मी दार ठोठावून ओरडून सांगितलं. मग आधी सासूबाईंना फोन लावला, कारण त्यांना शब्द दिला होता.

कार्ड १३ मे ला आलं. आल्याबरोबर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि मुदत तपासा, चूक असेल तर ताबडतोब कळवावं लागतं. मुदत दहा वर्षांची होती. त्याच्याजवळ 'केव्हापासून रहिवासी' अशी एक तारीख असते. मला वाटलं होतं तिथे मंजुरीची तारीख असेल, मे २०२५ ची. तिथे १९ नोव्हेंबर २०२१ होती.